झाडांना जीव असतो हे जगदीशचंद्र बोस यांनी शोधलं नव्हतं, मग त्यांनी नेमकं काय शोधलं?

यवतमाळ जिल्ह्यातलं वणी म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, एक कोळसा आणि दुसरी कापूस. लोकनायक बापूजी अणे यांचं हे जन्मगाव. आजूबाजूला काळी कसदार जमीन, त्यात पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. पाऊस पडला की कृषी केंद्रांसमोर खताच्या पोत्यांसाठी रांगा लागतात.

पण वणीच काय, अख्ख्या विदर्भातल्या शेतकऱ्याला दरवर्षी एक कोडं पडतं. खत टाकलंय, जमीन काळी आहे, पाणीही आहे. तरी पऱ्हाटीची पानं मध्येच लाल पडतात. याला लाल्या म्हणतात. कधी मोठी उघडीप मिळाल्यावर जोराचा पाऊस येतो, शेतात पाणी साचतं आणि उभं झाड दोन दिवसांत मान टाकतं. याला आकस्मिक मर म्हणतात. मातीत सगळं असूनही झाड उपाशी कसं काय राहतं?

याचं उत्तर मुळाच्या पेशीभोवतीच्या एका अतिशय पातळ पडद्यात आहे. त्या पडद्यातून विद्युतभार असलेले कण आत-बाहेर करतात आणि त्यावर झाडाचं पोषण चालतं. गंमत म्हणजे झाड एका पानाची खबर दुसऱ्या पानापर्यंत पोहोचवतं तेही याच कणांच्या जोरावर.

आज हे पाठ्यपुस्तकात आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी साध्या झाडात विजेचे संदेश धावतात, असं एका भारतीय माणसाने लंडनमध्ये सांगितलं, तेव्हा तिथल्या सर्वांत मोठ्या विज्ञानसंस्थेने त्याचा शोधनिबंध छापायला नकार दिला होता.

त्या माणसाचं नाव जगदीशचंद्र बोस.

आता तुम्ही म्हणाल, बोस तर माहितीयेत. झाडांना जीव असतो हे त्यांनी शोधलं. दरवर्षी ३० नोव्हेंबरला त्यांच्या जयंतीला हाच मेसेज फिरतो. पण खरी गोष्ट अशी की, झाडं जिवंत असतात हे बोस यांच्या आधीही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी शोधलं ते वेगळंच होतं, आणि त्यासाठी त्यांना मोजावी लागलेली किंमतही मोठी होती.

डेप्युटी मॅजिस्ट्रेटचा मुलगा गावच्या शाळेत

जगदीशचंद्र यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा. मूळ गाव विक्रमपूर भागातलं राढीखाल, जे आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र इंग्रज सरकारच्या नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि ब्राह्मो समाजाचे कार्यकर्ते होते.

त्या काळी अशा हुद्द्यावरच्या माणसाचा मुलगा इंग्रजी शाळेत जाणार, हे ठरलेलं असायचं. भगवानचंद्रांनी मात्र पोराला बंगाली शाळेत घातलं. आधी स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसं कळली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. त्या शाळेत जगदीशच्या शेजारी चपराशाचा मुलगा आणि कोळ्याचा मुलगा बसायचा. त्यांच्याकडून ऐकलेल्या पक्ष्यांच्या, माशांच्या, प्राण्यांच्या गोष्टींनी निसर्गाची ओढ लावली, असं ते पुढे सांगत.

नंतर कोलकात्याचं सेंट झेवियर्स. तिथे फादर लाफाँ हे भौतिकशास्त्र शिकवायचे. वर्गात प्रयोग करून दाखवण्यासाठी ते प्रसिद्ध होते. उपकरण हातात घेऊन विज्ञान समजून घ्यायचं, ही सवय बोस यांना इथे लागली.

१८८० मध्ये ते इंग्लंडला गेले ते डॉक्टर व्हायला. पण अंगात आधीच ताप मुरलेला होता आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने तब्येत आणखी बिघडायची. डॉक्टरकी सोडावी लागली. मग केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञान घेतलं. तिथे भौतिकशास्त्र शिकवायला लॉर्ड रॅले होते आणि वनस्पतिशास्त्र शिकवायला सिडनी व्हाइन्स आणि चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन होते. म्हणजे वीज आणि झाड हे दोन्ही विषय त्यांच्या डोक्यात एकाच वेळी गेले. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

तीन वर्षं बिनपगारी

१८८५ मध्ये बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले. इथे पहिला धक्का बसला. त्याच कामासाठी भारतीय प्राध्यापकाला इंग्रज प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळायचा. त्यातही बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचाही अर्धा. थोडक्यात, इंग्रज सहकाऱ्याला तीन रुपये मिळत असतील तर त्यांना एक.

बोस यांनी भांडण केलं नाही, नोकरीही सोडली नाही. ते रोज वेळेवर जाऊन शिकवायचे आणि पगार मात्र घ्यायचे नाहीत. असं तीन वर्षं चाललं.

घरची परिस्थिती तेव्हा चांगली नव्हती. वडिलांनी लोकांच्या भल्यासाठी काढलेले उद्योग बुडाले होते आणि डोक्यावर कर्ज होतं. १८८७ मध्ये लग्न झालं. पत्नी अबला यांनी मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेतलं होतं. पुढे बंगालमध्ये मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी मोठं काम उभं केलं. सुरुवातीचा संसार मात्र ओढाताणीचाच होता.

शेवटी सरकार नमलं. बोस यांची नेमणूक कायम झाली आणि मागच्या तीन वर्षांचा पूर्ण पगार एकदम मिळाला. तो पैसा वडिलांच्या कर्जात गेला.

प्रयोगशाळा म्हणाल तर कॉलेजातली एक चिमुकली खोली. उपकरणं स्वतःच्या खर्चाने, स्थानिक कारागिरांना हाताशी धरून बनवलेली. त्या खोलीत बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी तयार केल्या. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी बिनतारी लहर भिंतीपलीकडे पाठवून दाखवली. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली आणि जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. लहरी पकडणाऱ्या त्यांच्या गॅलेना स्फटिकाच्या उपकरणाला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. याच वाटेने पुढे गेले असते तर त्यांचं नाव फक्त रेडिओच्या इतिहासात राहिलं असतं.

यंत्र थकतं, मग झाड?

तर झालं असं की, १८९९ च्या सुमाराला बोस यांना आपल्या लहरी पकडणाऱ्या यंत्रात एक विचित्र गोष्ट दिसली. यंत्र सतत वापरलं की त्याचा प्रतिसाद कमी व्हायचा. थोडी विश्रांती दिली की ते पुन्हा ताळ्यावर यायचं. अगदी थकलेल्या स्नायूसारखं.

दुसऱ्या कुणी हा यंत्राचा दोष मानून सोडून दिला असता. बोस यांनी उलटा प्रश्न विचारला. धातूचा प्रतिसाद असा, स्नायूचा प्रतिसाद असा, मग या दोघांच्या मधल्या झाडाचं काय?

त्यांनी घोड्याच्या चेस्टनट झाडाची पानं घेतली, बाजारातली गाजरं घेतली, सलगम घेतले. त्यांना दोन ठिकाणी तारा जोडल्या, एका जागी टिचकी मारली आणि गॅल्व्हानोमीटरकडे पाहिलं. काटा हलला. विष दिल्यावर तोच काटा हलेनासा झाला. म्हणजे तो नुसता ओल्या पदार्थातला विजेचा खेळ नव्हता. झाड जिवंत असेपर्यंतच तो प्रतिसाद येत होता.

लाजाळू स्पर्शाने मिटते हे सगळ्यांना माहीत होतं. कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपमध्ये विजेचे संकेत असतात, हेही १८७३ मध्ये जॉन बर्डन-सँडरसन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवलं होतं. पण ही हलणारी झाडं म्हणजे अपवाद, असं मानलं जायचं. गाजर, मुळा, कोबी यांच्यात असलं काही नसतं, हे गृहीतच होतं.

बोस यांचा खरा दावा इथे होता. त्यांचं म्हणणं होतं की हलणारं असो वा न हलणारं, प्रत्येक झाड विजेच्या भाषेत प्रतिसाद देतं.

६ जून १९०१

मे १९०१ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोस यांनी हे प्रयोग करून दाखवले. लोकांना आवडले. मग ६ जूनला रॉयल सोसायटीत शोधनिबंध मांडायची वेळ आली.

समोर बसले होते तेच बर्डन-सँडरसन. वनस्पतींच्या विजेचा पहिला पुरावा देणारा माणूस आणि त्या काळचं शरीरक्रियाशास्त्रातलं सगळ्यांत वजनदार नाव. त्यांनी बोस यांच्या भौतिकशास्त्रातल्या कामाचं कौतुक केलं आणि त्यांनी तिथेच राहावं असं सुचवलं. साध्या झाडात विजेचा प्रतिसाद असणं त्यांना मान्य नव्हतं. शीर्षकातला प्रतिसाद हा शब्द बदलण्याची सूचनाही झाली.

बोस यांनी शब्द बदलला नाही. चूक असेल तर प्रयोगात दाखवा, पण फक्त मोठ्या माणसाचं मत वेगळं आहे म्हणून मी निष्कर्ष बदलणार नाही, ही त्यांची भूमिका होती. निबंध सोसायटीच्या दप्तरात गेला, छापला गेला नाही.

परदेशात, रजेवर, हातात पैसे कमी आणि वर हा अपमान. या काळात त्यांच्या मागे जी माणसं उभी राहिली त्यात रवींद्रनाथ टागोर होते. टागोरांच्या शब्दावर त्रिपुराच्या महाराजांनी पैसे दिले. भगिनी निवेदितांनी बोस यांच्या पुस्तकांच्या लेखनात आणि संपादनात वर्षानुवर्षं मदत केली. अमेरिकेच्या सारा बुल यांनीही आर्थिक मदत केली.

दरम्यान आणखी एक प्रकार घडला. ऑगस्टस वॉलर नावाच्या शास्त्रज्ञाने असेच निष्कर्ष आपले म्हणून मांडले. पण बोस यांनी ते आधीच जाहीर व्याख्यानात दाखवले होते. केंब्रिजचे त्यांचे जुने शिक्षक व्हाइन्स आणि इतर काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०२ मध्ये लिनियन सोसायटीने त्यांचं काम छापलं.

पण भांडण संपलं नाही. पुढे १९०४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांचे निबंध पुन्हा रोखले. शेवटी बोस यांनी दुसरा मार्ग धरला. मासिकं छापत नसतील तर आपण पुस्तकं लिहू. १९०२, १९०६, १९०७ आणि १९१३ अशी शेकडो प्रयोगांनी भरलेली जाडजूड पुस्तकं एकामागून एक आली.

लाजाळूच्या देठातून काय धावतं?

आता थोडं विज्ञान.

लाजाळूच्या टोकाच्या पानाला हात लावला तर मागची पानंही एकामागून एक मिटत जातात. म्हणजे खबर पुढे सरकते. कशी? त्या काळी जर्मनीतल्या नावाजलेल्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की देठातल्या पाण्याचा दाब बदलतो आणि तो धक्का पुढे जातो. जसं रबरी नळीचं एक टोक दाबलं की दुसऱ्या टोकाला पाणी उसळतं, तसं.

बोस यांनी ते तपासायचं ठरवलं. पाण्याचा धक्का असेल तर तो थंडीने किंवा विषाने अडायला नको. त्यांनी देठाचा मधला भाग गार केला, तर संदेश मंदावला किंवा थांबला. तिथे विष लावलं, तरी थांबला. पानाला जखम न करता नुसता विजेचा हलका झटका दिला, तरी संदेश गेला. वेळ मोजण्यासाठी त्यांनी सेकंदाचा अगदी बारीक अंश टिपणारं यंत्र स्वतः बनवलं. लाजाळूतला संदेश साधारणपणे सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर वेगाने जातो. माणसाच्या वेगवान नसांमध्ये हाच वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास असतो.

निष्कर्ष असा की खबर जिवंत पेशींमधून जाते आणि ती विजेची असते. आज हे मान्य आहे. मोठ्या जखमेनंतर दाबाचा आणि रसायनांचाही वाटा असतो, हेही आता कळलंय.

पण ही वीज तयार कशी होते? हे बोस यांना सांगता आलं नाही. ते पदार्थातल्या रेणूंवर येणाऱ्या ताणाबद्दल बोलत राहिले. ज्या वर्षी, म्हणजे १९०२ मध्ये त्यांचं पहिलं मोठं पुस्तक आलं, त्याच वर्षी जर्मनीत ज्युलियस बर्नस्टाइन यांनी प्राण्यांच्या पेशींबद्दल एक कल्पना मांडली. पेशीपटलातून पोटॅशिअमचे भारित कण, म्हणजे आयन, ये-जा करतात आणि त्यातून पेशीची वीज तयार होते. झाडाच्या विजेचं गूढ उकलणारी किल्ली तीच होती. ती पूर्ण फिरायला मात्र बरीच वर्षं जाणार होती.

आयनांचं गणित, वणीच्या शेतात

पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचा तेलकट पडदा. भारित कणांना तेलातून जाता येत नाही. त्यामुळे पडद्यात प्रथिनांची दारं आणि पंप बसवलेले असतात.

झाडाच्या पेशीतला सगळ्यात महत्त्वाचा पंप प्रोटॉन बाहेर फेकतो. प्रोटॉन धनभारित असतो. तो सतत बाहेर गेल्याने पेशीची आतली बाजू ऋणभारित होते. हा फरक साधारण ०.१ ते ०.२ व्होल्ट असतो. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे मुळाची प्रत्येक पेशी त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा सेल आहे असं समजा.

या छोट्याशा सेलवर झाड जेवतं. शेतकरी ज्याला पालाश म्हणतो ते पोटॅशिअम धनभारित असतं, म्हणून ऋणभारित पेशीत ते आपल्या दारातून ओढलं जातं. युरियातलं नत्र जमिनीत बदलत जाऊन नायट्रेट होतं. ते ऋणभारित असल्याने पेशीत सहजासहजी घुसत नाही. मग परत आत येणाऱ्या प्रोटॉनचा हात धरून ते आत येतं. स्फुरदाचंही तसंच.

पंप चालवायला ऊर्जा लागते. ती मुळांच्या श्वसनातून मिळते आणि श्वसनाला हवा लागते. आता वणीचं ते कोडं पुन्हा बघा. काळी माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, श्वसन मंदावतं, पंप थांबतात. पाण्याची दारंही आवळली जातात. झाड पाण्यात उभं राहून सुकतं. आकस्मिक मरमध्ये आधी शेतातलं पाणी काढून द्या आणि बुंध्याजवळ हवा खेळती करा असं सांगतात, त्याचं कारण हे आहे.

लाल्याचं एक मोठं कारण मॅग्नेशिअम आणि नत्राची कमतरता. थंडी वाढली की त्यात भर पडते. काळ्या जमिनीत कॅल्शिअम भरपूर असतं. कॅल्शिअम, पोटॅशिअम आणि मॅग्नेशिअम तिन्ही धनभारित असल्याने मुळाजवळ त्यांची एकमेकांशी स्पर्धा होते आणि त्यात मॅग्नेशिअम मागे पडू शकतं. म्हणून मॅग्नेशिअम सल्फेटची फवारणी थेट पानावर करायला सांगतात. म्हणजे मुळाच्या दारातली गर्दी टाळून मागच्या दाराने आत जायचं.

आणि लाजाळू? तिच्यातही हेच आयन. स्पर्श झाला की कॅल्शिअम पेशीत घुसतं, क्लोराइड बाहेर पडतं आणि पेशीचा व्होल्टेज कोसळतो. मग पोटॅशिअम बाहेर येतं. हा बदल शेजारच्या पेशीला पेटवतो आणि खबर पुढे जाते. देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीत खबर पोहोचली की तिथल्या पेशींमधून आयन बाहेर जातात, त्यांच्यामागे पाणी जातं, पेशी फुग्यासारख्या बसतात आणि पान खाली पडतं. मग प्रोटॉन पंप पुन्हा कामाला लागतो आणि काही मिनिटांनी पान उभं राहतं.

ज्या दारांनी पऱ्हाटी पालाश खाते, त्याच प्रकारच्या दारांनी लाजाळू निरोप पाठवते.

झाडाची वाढ भिंतीवर

बोस यांना झाडाचा खाण्यापिण्याला मिळणारा प्रतिसादही मोजायचा होता. पण झाडाची वाढ डोळ्यांना दिसत नाही इतकी हळू असते. त्यासाठी त्यांनी क्रेस्कोग्राफ बनवला. त्याने वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवता यायची, नंतरच्या चुंबकीय यंत्रात त्याहून कितीतरी जास्त. खत दिलं, औषध दिलं, विष दिलं की वाढीत काय फरक पडतो, हे आठवडे वाट न बघता काही मिनिटांत दिसू लागलं.

१९१५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले. १९१७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केलं. भारतीयांनी स्वतःच्या बळावर उभारलेली ती संशोधनसंस्था होती. आयुष्यभराची बचत त्यांनी त्यात घातली. मुंबईच्या एस. आर. बोमनजी आणि मूळराज खटाव यांनीही संस्थेला मदत केली.

महाराष्ट्राशी त्यांचा आणखी एक धागा जुळतो. बोस यांचं पहिलं मोठं इंग्रजी चरित्र १९२० मध्ये आलं. ते लिहिणारे स्कॉटिश विद्वान पॅट्रिक गेडीस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

त्याच १९२० मध्ये वॉलर पुन्हा आडवे आले. क्रेस्कोग्राफ जे दाखवतो ती वाढ नसून उष्णतेचा परिणाम असेल, अशी शंका त्यांनी वर्तमानपत्रातून घेतली. बोस यांनी लंडनमध्ये शास्त्रज्ञांसमोर यंत्र लावलं. पाहणाऱ्यांनी यंत्र खरोखर वाढच मोजतं असं पत्र छापून जाहीर केलं. आणि त्याच वर्षी, निबंध दप्तरात टाकल्यानंतर १९ वर्षांनी, रॉयल सोसायटीने बोस यांना आपलं फेलो करून घेतलं.

बोस कुठे चुकले?

इथे गोष्ट संपवली तर ती आणखी एक फॉरवर्ड होईल. बोस चुकलेही होते.

धातू आणि सजीव यांच्या प्रतिसादात त्यांना जे साम्य दिसलं, त्यावरून दोघांमध्ये मूलभूत फरक नाही असं त्यांना वाटायचं. आज हे कुणी मानत नाही. धातूला आयनांचा पंप चालवून आपला व्होल्टेज टिकवावा लागत नाही, पेशीला लागतो.

१९२३ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की झाडाच्या खोडातल्या पेशी हृदयासारख्या धडधडतात आणि पाणी वर चढवतात. हेही टिकलं नाही. पानातून वाफ उडते आणि तिच्या ओढीने पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो, हे आयर्लंडच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्येच मांडलेलं स्पष्टीकरण आज मान्य आहे.

१९२६ च्या पुस्तकात त्यांनी झाडांच्या मज्जासंस्थेबद्दल लिहिलं. झाडात नसा नाहीत आणि मेंदूही नाही. विजेचा संदेश जातो म्हणजे झाडाला आपल्यासारख्या वेदना होतात, असा अर्थ निघत नाही. झाड रडतं, झाडाला शिव्या दिल्या की ते सुकतं, अशा पोस्टखाली बोस यांचा फोटो लावला जातो. त्यांच्या प्रयोगांमध्ये त्याला आधार नाही.

ते गेले आणि मग

उतारवयात बोस गिरिडीहला राहायला जायचे. तिथेच २३ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांचं निधन झालं. ७९ वा वाढदिवस एका आठवड्यावर होता.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत कोल आणि कर्टिस यांनी नायटेला या पाणवनस्पतीच्या लांबलचक पेशीवर प्रयोग केला. पेशी उत्तेजित झाली की तिच्या पटलाचा विजेला होणारा विरोध एकदम कमी होतो, म्हणजे आयनांची वाट मोकळी होते, हे त्यांनी दाखवलं. आयन नसांमध्ये वीज कशी तयार करतात याचं गणित हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मांडलं आणि १९६३ मध्ये नोबेल मिळवलं. एकेका आयनदाराचा प्रवाह मोजायची पद्धत १९७६ मध्ये आली. १९९२ मध्ये झाडातल्या पोटॅशिअमच्या दारांची जनुकं सापडली.

बोस यांच्या मुख्य दाव्याला सगळ्यात ठळक आधार मिळाला तो अलीकडे. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या साध्या, न हलणाऱ्या झाडात दाखवलं की एका पानाला इजा झाली की विजेचा संदेश दूरच्या पानात जातो आणि ते पान बचावाची तयारी सुरू करतं. २०१८ मध्ये जपानी आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी कॅल्शिअम दिसलं की चमकणारी झाडं तयार केली. अळीने पान कुरतडलं आणि उजेडाची लाट झाडभर पसरत गेली. तो व्हिडिओ जगभर शेअर झाला. २०२२ मध्ये जपानमध्ये असंच लाजाळूवर झालं. ज्या लाजाळूची हालचाल बंद केली होती, तिला नाकतोड्यांनी जास्त खाल्लं.

म्हणजे १९०१ मध्ये रॉयल सोसायटीत ज्या मुद्द्यावर वाद झाला, त्यात बर्डन-सँडरसन चुकले होते आणि बोस बरोबर होते. साधं झाडही विजेचा संदेश पाठवतं. वीज कुठून येते याचं बोस यांचं उत्तर मात्र अपुरं होतं, ते पुढच्या पिढ्यांनी आयनांच्या रूपात दिलं.

म्हणून यंदा ३० नोव्हेंबरला तो मेसेज आला तर एवढी दुरुस्ती करून पुढे पाठवा. झाडांना जीव असतो हे बोस यांनी शोधलं नाही. झाड मुकं असलं तरी त्याच्या आत खबर फिरत असते, हे त्यांनी मोजून दाखवलं.

आणि त्या दिवसांत वणीच्या बाजूला गेलात तर वेचणीला आलेल्या पऱ्हाटीजवळ क्षणभर थांबून बघा. बाहेरून काहीच हलत नाही. पण जमिनीखाली मुळाची एकेक पेशी आपला ०.१ व्होल्टचा सेल चालू ठेवून मातीतून पालाश ओढत असते. तिला हवा मिळाली तर ती जेवेल. पाणी तुंबून राहिलं तर शेजारी पडलेलं खताचं पोतं तिच्या काहीच कामाचं नाही.